पगारे अण्णांची वजाबाकी

विहिरीत डोकावण्याआधी पगारे अण्णा खाकरायचे. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण खाकरतो ना, अगदी तसे. मग चपला काढायच्या, खिशातला खडू पोलादी टेपच्या टोकाला चोळायचा आणि टेप हळूहळू आत सोडायची. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी. बहात्तरच्या दुष्काळानंतर ते सरकारच्या भूजल खात्यात नोकरीला लागले आणि तेव्हापासून वर्षातून चारदा नाशिक जिल्ह्यातल्या ठरलेल्या विहिरी मोजत हिंडत होते. त्यांचा प्रत्येक शर्ट खिशाशी पांढरा असे.

त्यांनी आणलेले आकडे आलेखाच्या कागदावर मांडायचे, हे माझं काम. अतिशय कंटाळवाणं. आपल्या काळ्या खडकात पाणी फटीफटीत असतं. एका बांधावरच्या दोन विहिरींचा एकमेकींशी संबंध नसतो. ठिपक्याला ठिपका जोडून मान मोडून यायची. काही अंदाज विचारला की अण्णा म्हणत, "एका वर्षाचं पाणी म्हणजे पाणी नव्हे. दहा वर्षं बघा, मग बोला." हे वाक्य त्यांना कुठेही चालायचं. माझ्या लग्नाचा पेढा खाऊनही ते हेच म्हणाले. बायकोने अजून त्यांना माफ केलेलं नाही.

शहाऐंशीच्या मे महिन्यात अण्णांना कावीळ झाली आणि त्यांची टेप माझ्या गळ्यात पडली. कळवणच्या बाजूच्या एका विहिरीवर मी भर दुपारी पोचलो. डोकं भणभणत होतं, आसपास चिटपाखरू नव्हतं. जिथून मोजायचं ती तांबडी खूण कठड्यावर सापडेना. पुसली असेल म्हणून मी कठड्याच्या माथ्यावरूनच टेप सोडली. पाणी एकदम मीटरभर खाली गेलेलं निघालं. आमच्या साहेबांनी लगेच ते गाव पाणी घटलेल्या गावांच्या यादीत घातलं. यादीवर सोमवारी सही होणार होती. मग त्या गावात कुणालाही नव्या विहिरीसाठी कर्ज मिळालं नसतं.

शुक्रवारी अण्णा कामावर आले. डोळे अजून पिवळे होते. माझा आलेख बघून म्हणाले, "ही विहीर असं वागणार नाही." मला राग आला. आकडा काय खोटं बोलतो का, असं मी त्यांना ऐकवलं. त्यांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन एसटीत बसले.

विहिरीशी पोचल्यावर अण्णा खाकरले. तो आवाज ऐकून वस्तीतून एक म्हातारी चाचपडत आली. विहीर तिचीच होती. नवऱ्याने सुरुंग लावून खडक फोडून काढलेली. नवरा गेला, पुढे मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेले. अण्णा गुडघे टेकून कठड्यावरून आत वाकले आणि मला खूण दाखवली. दगडांच्या तीन नव्या थरांखाली ती तशीच होती. कठडा कुणी वाढवला, असं मी विचारलं.

"यानंच की," म्हातारी म्हणाली. "मला दिसंना झालं तवा. दोन दिस गवंड्यासंगं दगड वाहत व्हता."

अण्णा टेपला खडू चोळू लागले. मोजणीच्या विहिरीला हात लावायचा नाही, असा नियम होता. म्हणून त्यांनी हे कुठे लिहिलं नाही. दर वेळी तीन थरांची उंची मनात वजा करून ते बिनचूक आकडा लिहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच मी माझा आकडा खोडला आणि 'मोजताना माझी चूक' असा शेरा मारला. गाव यादीतून सुटलं.

अण्णांनी पुन्हा मोजलं. मी पाडलेला मीटर भरून निघाला. पण दहा वर्षांपूर्वीचा आकडा मला पाठ होता. पाणी खाली चाललंच होतं, थोडं थोडं, न चुकता. अण्णांनी वहीत खरं तेच लिहिलं. मग मोठ्याने म्हणाले, "मावशी, पाणी तिथंच आहे बरं का."

"बरं झालं बाबा," म्हातारी म्हणाली.

साहेबांना बोटभर इकडचं तिकडे करू न देणारा हा माणूस खोटं बोलत होता.

अण्णा हातपाय धुवायला गेले तशी म्हातारीने माझी बाही धरली.

"हे त्याला बोलू नका," ती हळूच म्हणाली. "दर साली दोराला वीतभर तुकडा जोडते मी. मला काय कळत नाय? पण यवढ्या लांबून येतो, घरी त्याचं कुणी नाय. खोटं बोलताना आवाज कापतो त्याचा. म्हून म्हनते, बरं झालं."

परतताना एसटीत अण्णांनी विचारलं, मावशी काय सांगत होत्या.

"पाणी तिथंच आहे म्हणून खूश आहेत," मी म्हणालो.

अण्णांनी मान हलवली, टेपची पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीला डोकं टेकून नाशिक येईपर्यंत झोपले.