फेकलेला आणि फेकून दिलेला

लेकपोर्ट वॉलरसेस या आमच्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे हाताने चेंडू फेकणारा गडी, कोल्बी व्रानेक याने नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी एकूण एकेचाळीस चेंडू फेकले. त्यांपैकी अठरा आमच्या माणसांच्या हातात पडले, चार समोरच्या संघाच्या हातात पडले आणि एक बँडमधल्या ट्यूबा नावाच्या पितळी वाद्याच्या तोंडात शिरून तिथेच अडकला. उरलेल्यांची नोंद मी 'जमीन' या सदरात केली. एकेचाळिसात अठरा म्हणजे चव्वेचाळीस टक्के. चेंडू फेकण्यासाठीच ज्याला ठेवलंय त्याच्या बाबतीत हा आकडा बरा नव्हे.

मी वेंडेल क्रुप. संघाच्या अचूकता विभागात नोंदणी अधिकारी आहे. प्रत्येक चेंडू कुठे जायला हवा होता आणि कुठे गेला, हे दोन रकान्यांत लिहायचं, हे माझं काम. गेली एकोणीस वर्षं ते मी इमानेइतबारे करतो आहे.

सोमवारी संघाच्या मालकीणबाई मिसेस फिस्टर यांची चिठ्ठी आली. हंगामाचे सहा सामने उरले होते. शेवटच्या सामन्याच्या अहवालात व्रानेकची अचूकता पासष्ट टक्क्यांच्या खाली दिसली तर त्याला सोडून देण्यात यावं, असा हुकूम होता. बाईंची अक्षरं मोठी आणि वाक्यं छोटी असतात.

कोल्बी माझ्या खोलीत आला तेव्हा मी थँक्सगिव्हिंगच्या उरलेल्या टर्कीचं सँडविच खात होतो. सहा फूट चार इंचांचा तो गडी दारात अंग चोरून उभा राहिला.

"वेंडेल, माझं काही होईल का हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे नेम सुधारेल का माझा? इथून काढलं तर दुसरं कोणी घेणार नाही मला. सासऱ्यांचं टायरचं दुकान आहे. त्यांनी गणवेशाच्या शर्टावर माझं नाव शिवूनसुद्धा ठेवलंय."

"सुधारेल की," मी म्हणालो. "त्यासाठीच तर आमचा विभाग आहे."

आता खरं सांगायचं तर नेमाचा दोष काय, हे गस हॅनरॅटीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. गस हा फेकणाऱ्यांचा जुना कोच. त्याचे दोन्ही गुडघे नकली, पण नजर अस्सल. त्याने कोल्बीला मैदानाच्या मधोमध उभं केलं आणि काठीने त्याच्या डाव्या बुटावर टकटक केलं.

"बाळा, बॉल टाकतोस टेरेलकडे आणि हा पाय चाललाय सॉसेजच्या गाडीकडे. पाय जाईल तिकडे बॉल जाणार. आधी पाय वळव."

कोल्बीने पाय वळवला आणि फेकला. चेंडू चाळीस यार्डांवर धावणाऱ्या टेरेल गिलरीच्या हातात अलगद जाऊन बसला. टेरेल हा आमचा चेंडू पकडणारा, लुइझियानाचा, जिभेला हाड नसलेला माणूस. तो चेंडूकडे बघतच राहिला.

"अरे लेका! हा तूच टाकलास? की मागून तुझ्या आजीने टाकला?"

असे ओळीने नऊ चेंडू पोहोचले. प्रकरण इथेच मिटायचं. पण दहाव्याला आमचे विभागप्रमुख डॉ. प्रेस्कॉट लल मैदानावर आले. डॉक्टरांनी आयुष्यात चेंडू हातात धरलेला नाही. त्यामुळे त्यांची मतं नि:पक्षपाती असतात.

"मिस्टर हॅनरॅटी, हे काय चाललंय?"

"पाय नीट करतोय पोराचा."

"पाय हा ताकद विभागाचा विषय आहे. अचूकता विभागाची हद्द कोपरापासून वर."

"अहो, पण दोष पायातच आहे."

"असेल. परंतु विभाग इथे आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "शिवाय फुटबॉलमध्ये पायाचा संबंध येतो, हे आपल्याकडे अजून सिद्ध झालेलं नाही."

ताकद विभागाला रीतसर पत्र गेलं. त्यांनी पायाचं वजन, घेर आणि उडी मोजून पाय उत्तम असल्याचा दाखला दिला. पाय कुठे पडतो ते त्यांच्या कक्षेत नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा एकंदर प्रकार झाला.

डॉक्टरांनी मग सुधारणेचा कार्यक्रम आखला. रोज सकाळी अचूकतेची बैठक, दुपारी अचूकतेचं सादरीकरण आणि सादरीकरणात काय ठरलं याची संध्याकाळी उजळणी. खेळाडूंच्या संघटनेच्या करारात आठवड्याला किती तास राबवून घ्यायचं याला मर्यादा आहे. ते सगळे तास बैठकांतच संपू लागले आणि चेंडू फेकायला एकही मिनिट उरेना. कोल्बीने एकदा भीतभीत विचारलं, की आठवड्यातून थोडा वेळ फेकून बघू का. डॉक्टरांनी त्याला नियम दाखवला. अचूकतेसाठी राखलेल्या वेळेत चेंडू फेकण्यास मनाई होती, कारण फेकला की चुकण्याचा संभव असतो.

पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही व्याख्या पक्क्या केल्या. 'पकडलेला' हा शब्द काढून 'पकडण्याजोगा' आणला. टेरेलच्या डोक्यावरून तीन यार्ड उंच गेलेला चेंडू मी 'पकडण्याजोगा (शिडी असल्यास)' असा नोंदवला. त्याच्या मागे पडलेला 'पकडण्याजोगा (गिलरी यांनी उशिरा निघायला हवं होतं)' असा. कोल्बीचा पाय पूर्वीसारखाच सॉसेजच्या गाडीकडे जात होता, पण अचूकता अठ्ठावन्नवर गेली. मिसेस फिस्टर यांचं अभिनंदनाचं फूल आलं.

टेरेल मात्र माझ्या टेबलावर हात आपटून गेला. "उशिरा निघायला हवं होतं म्हणजे काय? मी काय बस आहे?"

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांना नियम क्रमांक सात सापडला.

आमच्या खेळात क्वार्टरबॅक कोंडीत सापडला, की तो चेंडू मुद्दामच सीमारेषेबाहेर भिरकावतो. असा चेंडू अचूकतेच्या हिशेबात धरत नाहीत. तो 'फेकलेला' नसतो, 'फेकून दिलेला' असतो. हे सगळीकडे आहे, आम्ही काही शोधून काढलेलं नाही. डॉक्टरांनी फक्त प्रश्न विचारला, की चेंडू फेकला की फेकून दिला, हे ठरवणार कोण?

"ज्याने फेकला तो," मी म्हणालो.

"बरोबर. म्हणजे हा हेतूचा प्रश्न आहे. हेतूचं प्रतिज्ञापत्र छापून घ्या."

पुढच्या सोमवारी कोल्बीसमोर छत्तीस प्रतिज्ञापत्रं ठेवली, दर चेंडूमागे एक. डॉक्टरांनी पहिलं उचललं.

"मिस्टर व्रानेक, हा चेंडू पाण्याच्या पिंपावर आदळला. आपला हेतू?"

"टेरेलला द्यायचा होता. चुकला."

"नीट आठवा."

"आठवतंय ना. डावीकडे गेला. चुकलाच माझा."

"मिस्टर व्रानेक, पिंप हे सीमारेषेबाहेर असतं. सीमारेषेबाहेर टाकलेला चेंडू फेकून दिलेला असू शकतो. आपल्याला तो फेकून द्यायचा होता का, एवढंच विचारतो आहे."

कोल्बीने माझ्याकडे बघितलं. मी पेन पुढे केलं. त्याने ते घेतलं, टायरच्या दुकानाचा विचार आला असावा, आणि सही केली. पहिलं प्रतिज्ञापत्र त्याने दोनदा वाचलं. छत्तिसाव्या सहीपर्यंत तो वाचायचंसुद्धा थांबला होता. आमच्या विभागात आल्यापासून त्याची एवढीच एक सुधारणा मी स्वतः पाहिली. त्या आठवड्याची अचूकता निघाली एकाहत्तर टक्के.

मग मात्र पंचांनी अडवलं. जवळपास आपला माणूस नसताना चेंडू भिरकावला, तर आमच्याकडे दंड होतो. यावर उपाय म्हणून टेरेलला सीमारेषेलगत, पाण्याच्या पिंपाजवळ कायमचं उभं करण्यात आलं. कोल्बी पिंपाकडे फेकून द्यायचा, टेरेल 'जवळपास' असायचा आणि पंच चडफडत गप्प बसायचे. टेरेल आता पाणी वाटण्यात चांगलाच तरबेज झाला होता.

"वेंडेल," तो एकदा पेला हातात देत म्हणाला, "माझी आई टीव्हीवर बघते मला. काल विचारत होती, बढती मिळाली का रे? हल्ली कडेला साहेबांसारखा उभा असतोस."

ते सगळे सामने आम्ही हरलो. पण अचूकता ब्याऐंशी झाली, मग एक्क्याण्णव. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. चव्वेचाळिसावरून एक्क्याण्णव! माणसाने मनावर घेतलं तर काय होऊ शकत नाही, असं शाळांतून मुलांना सांगू लागले. गावच्या मेयरने सन्मान म्हणून कोल्बीला शहराची किल्ली दिली. ती त्याने झेलायला म्हणून टेरेलकडे टाकली आणि ती मेयरच्या बायकोला लागली. मी ती फेकून दिल्याची नोंद केली.

शेवटच्या सामन्यासाठी डॉक्टरांनी पद्धत आणखी सुटसुटीत केली. प्रत्येक चेंडूमागे प्रतिज्ञापत्र भरण्यात वेळ जातो, म्हणून सामन्याआधीच एक सामायिक पूर्वघोषणा घ्यायची: 'आज मी फेकेन तो प्रत्येक चेंडू पाण्याच्या पिंपाकडे फेकून देण्याचा माझा हेतू आहे.' सगळेच फेकून दिलेले, म्हणजे हिशेबात धरायला शून्य चेंडू, त्यांत शून्य चुका. शून्य भागिले शून्य किती, यावर दोन दिवस चर्चा झाली आणि ते शंभर आहे असं बहुमताने ठरलं.

कोल्बीने घोषणेवर सही केली. मग दार लोटून घेतलं.

"वेंडेल, एक सांगू? महिनाभर रोज पहाटे मी आणि गस चर्चच्या पार्किंगमध्ये जातो. पायाचं काम करतो. मला आता जमतं हो. खरंच जमतं."

"चांगलं आहे की."

"एकदा तरी खरा टाकावासा वाटतो. एकच."

"नोकरी जाईल पोरा. काही न करता शंभर टक्के मिळतायत, ते घे."

माझा सल्ला मनापासूनचा होता, हे मी आजही सांगेन.

जानेवारीतला पहिला रविवार. सरोवरावरून असा वारा येत होता, की मोहरीची बाटली सॉसेजपर्यंत नेईतो गोठत होती. तरी माणसं बाकांवर दाटीवाटीने बसली होती. आमच्याकडे संघ हरतो म्हणून कोणी घरी राहत नाही. अडतीस-शून्य असे आम्ही मागे होतो. कोल्बीने चव्वेचाळीस चेंडू पिंपाकडे फेकून दिले होते आणि पिंप बदलावं लागलं होतं. खेळ संपायला वीस सेकंद उरले.

तेव्हा कोल्बी टेरेलपाशी गेला. काय बोलला ते वाऱ्यात मला ऐकू आलं नाही, पण टेरेलने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला. चेंडू हातात आला, टेरेल पिंप सोडून सुसाट धावत सुटला आणि मी कोल्बीच्या डाव्या पायाकडे बघितलं. पाय वळला. सरळ. दोन धिप्पाड माणसं त्याच्या अंगावर कोसळत असताना त्याने फेकला. चेंडू वाऱ्यातून त्रेपन्न यार्ड गेला आणि शेवटच्या रेषेपलीकडे टेरेलने नुसते हात पुढे केले, तर तो हातात होता.

मी एकोणीस वर्षांत इतका सुंदर चेंडू बघितला नव्हता. मी खुर्चीवर चढून ओरडलो. शेजारच्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली, त्याची कॉफी माझ्या कोटावर सांडली, त्या चेंडूचे सहा गुण मिळाले, आणि आम्ही दोघं अडतीस-सहाने हरून वेड्यासारखे नाचलो. गस खाली कठड्याला धरून रडत होता. मीही रडलो, लाज कसली.

सोमवारी अहवाल लिहायला बसलो.

पकडलेला चेंडू नियमाप्रमाणे 'फेकून दिलेला' होऊ शकत नाही. म्हणजे तो हिशेबात धरणं भाग होतं. एकूण धरलेले चेंडू, एक. आता तो अचूक होता का? अचूक म्हणजे हेतू असेल तिथे पडलेला. हेतू सहीनिशी माझ्यासमोर होता: पाण्याचं पिंप. चेंडू पिंपापासून एकसष्ट यार्ड लांब पडला होता. इतका चुकलेला चेंडू संघाच्या इतिहासात नाही. एकापैकी शून्य. अचूकता शून्य टक्के.

हंगाम संपला म्हणून कोल्बी सामान घेऊन आला होता.

"वेंडेल, तुम्ही होता ना तिथे? बघितलंत ना?"

"बघितलं."

"मग?"

"मी बघितलं ते लिहायला रकाना नाही रे बाळा."

त्याने कागदावरचं शून्य वाचलं. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याने माझ्याशी हात मिळवला, आणि जाताना दार हळू लावून घेतलं.

संध्याकाळी रेडिओवर लोकांचे फोन सुरू झाले. शून्य टक्के! हाकला त्याला! त्यातला एक आवाज मी ओळखला. माझ्या कोटावर ज्याची कॉफी सांडली होती, तोच. तो म्हणत होता, की आकडे खोटं बोलत नाहीत, आपण काल प्रत्यक्ष तिथे होतो, पण इतका वाईट नेम असेल असं वाटलं नव्हतं.

तुम्ही मनातल्या मनात म्हणत असाल, की याच्या जागी आपण असतो तर डोळ्यांनी बघितलं तेच लिहिलं असतं. छान. विभाग वाढतो आहे, आणि आम्हाला अशाच एका माणसाची गरज आहे. अर्ज बारा पानांचा आहे. शेवटी एक चौकट आहे, 'वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो मला मान्य आहे.' त्यात बरोबरची खूण करा आणि पाठवून द्या. आधीची अकरा पानं कोरी आहेत. आजवर एकाही अर्जदाराने त्याबद्दल विचारलेलं नाही, आणि तुम्हीही विचारणार नाही.