सिराची वाचा बसली

फ्रान्समधल्या कोर्नासच्या डोंगरउतारावर फिर्मांइतकी सिरा, म्हणजे तिथली काळी द्राक्षं आणि त्यांची वाइन, कुणालाच कळत नाही. हे कोण म्हणतं? फिर्मांच! त्याचा ला सर्पेत हा ग्रॅनाइटवरचा मळा तळहाताएवढा. पण तिथली द्राक्षं दुसऱ्या कुणाच्या द्राक्षांत मिसळायची नाहीत, हा त्याचा हट्ट. आज लियॉनच्या रेस्टॉरंटवाल्या मादाम ब्रिसोन चाखायला यायच्या होत्या. त्यांनी वाइन घेतली तर बाटलीवर मळ्याचं नाव. नाही घेतली तर सगळी पिंपं व्यापाऱ्याच्या टाकीत, निनावी!

मादाम आल्या. फिर्मांने तळघरात नेऊन पिंपातून ग्लास भरला. त्यांनी डोळे मिटून हुंगलं.

"काळं ऑलिव्ह... मिरी... धुरी दिलेलं मांस! वा!"

"माझा ग्रॅनाइट बोलतोय तो!" फिर्मांची छाती फुगली.

मादामनी डोळे उघडले. शेजारच्या पिंपावर एक थाळी होती. काळी ऑलिव्ह, आणि मिरी लावून धुरी दिलेली सॉसेजं.

"की ही थाळी बोलतेय?"

फिर्मांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ओदील! हे इथे कुणी मांडलं?"

"मी," त्याची थोरली बहीण जिन्यावरून म्हणाली. "बाई लांबून आल्यात. उपाशीपोटी पाजतोस मेल्या?"

"अगं, वाइन हुंगताना शेजारी सॉसेज? अक्कल गहाण टाकलीस?"

"माझ्या सॉसेजांना नावं ठेवू नकोस हं!"

त्याने थाळी तिच्या हातात कोंबली, नवा ग्लास भरून ठेवला आणि वास जावा म्हणून तळघराची दोन्ही दारं सताड उघडली. बाहेर मिस्त्राल सुटलेला! तो बोचरा वारा सरळ आत घुसला. पण फिर्मांला शुद्ध कुठे होती? तो पाच मिनिटं बहिणीशीच भांडत राहिला.

मग त्याने ग्लास पुढे केला. मादामनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. गारठलेली सिरा तोंड उघडायलाच तयार नव्हती.

"कशाचाच वास नाही."

"थंडीने बसलीय ती! थांबा!" फिर्मांने ग्लास काखेत धरला, ऊब आणली आणि परत त्यांच्या नाकाखाली नेला.

"आता येतोय," मादाम मागे सरकत म्हणाल्या, "पण द्राक्षांचा नाही."

त्या जिना चढून ओदीलपाशी गेल्या. सॉसेजची एक चकती तोंडात टाकली, मग दुसरी.

"दर महिन्याला चाळीस सॉसेजं पाठवा." मग खाली वाकून त्यांनी फिर्मांला विचारलं, "या सॉसेजांबरोबर एखादी साधी वाइन सुचवाल? नाव नसलं तरी चालेल."

फिर्मांने दातओठ खात आपल्याच पिंपाकडे बोट दाखवलं.