‘निर्गुडी’तला थंडावा

पाहुणी बारा वाजता येणार होती आणि साडेअकरा वाजता कमलीबाईने तेलाच्या वाटीला हात लावायला नकार दिला.

“कमलीबाई, तेल कोमट करायला ठेवा ना,” तनुजा म्हणाली.

“म्या नाही ठेवत.”

“का?”

“कायले इचारता, बाई? तुमीच तं केलं हे सगळं. अशा घरी तेल लावत असते का कोनी?”

कमलीबाई तांड्यावरची. सांधे धरलेल्या माणसाला निर्गुडीच्या पाल्याने शेकून उभे करणारी म्हणून पाच गावांत तिचे नाव होते. तेल चोळण्याच्या कामासाठी तिला खास बोलावून घेतले होते आणि आता ती हात पदराखाली घेऊन उंबऱ्याबाहेर बसली होती. आभाळ सकाळपासून राखेसारखे होते. दारांवर बांधलेले कडुनिंबाचे डहाळे हलतही नव्हते. आपण काय केले, हे तनुजाला कळेना. पण विचारण्याइतका वेळ नव्हता.

किन्हीराजा गावाजवळ, महामार्गाला लागून, हिरालाल या शेतकऱ्याच्या वांग्यांच्या वाफ्यांत आधी एक मंगल कार्यालय उभे राहिले होते. पलीकडे दुसरे मोठे कार्यालय झाले, वराती तिकडे वळल्या, आणि हिरालालच्या हॉलमध्ये फक्त रचलेल्या खुर्च्या व कबुतरे उरली. मग कोणीतरी त्याला सांगितले की शहरातली माणसे आता शांतता विकत घेतात. शांतता तर त्याच्याकडे ढिगाने पडून होती. त्याने हॉलच्या सहा खोल्या केल्या, त्या हॉटेलला ‘निर्गुडी’ असे नाव दिले आणि आतल्या सजावटीसाठी पुण्याहून तनुजाला बोलावले.

तनुजाने चार वर्षे एका मोठ्या कार्यालयात बसून लोकांच्या स्वयंपाकघरांतली कपाटे रेखाटली होती. त्या असंख्य कप्प्यांत तिचे स्वतःचे नाव कुठेच मावले नव्हते. ‘निर्गुडी’ हे तिचे पहिले स्वतंत्र काम. पहिल्या भेटीत ती हिरालालला म्हणाली होती, “इथे पाऊल ठेवताच माणसाला थंडावा वाटला पाहिजे.” हिरालालने हे वाक्य भाजीच्या भावासारखे पाठ करून ठेवले. त्यानंतर दर दोन दिवसांनी तो येई, चपला काढून मधोमध उभा राही आणि विचारी, “म्याडम, थंडावा वाटून राह्यला का?”

तिचा वैरी एकच होता. दिनेश. तालुक्यातल्या सगळ्या मंगल कार्यालयांची छते त्याने सजवली होती. प्लास्टरचे बत्तीस पाकळ्यांचे कमळ आणि पाकळीपाकळीत जांभळा दिवा, ही त्याची कला. “हिराभाऊ, मानूस लेटला की त्याले वर काईतरी दिसाले पायजे,” तो म्हणे. हिरालाल दोघांच्या मध्ये सापडला होता. शेवटी त्याने तोड काढली. नागपूरच्या एका सहल कंपनीची रुचिका शनिवारी एक मुक्काम करणार होती. तिने हॉटेल आपल्या यादीत घेतले तर तनुजाचे काम जसेच्या तसे राहील. नाही घेतले, तर सोमवारी दिनेश शिडी घेऊन येईल.

अठरा दिवसांपूर्वीपर्यंत त्या खोल्यांत भिंती होत्या, प्राण नव्हता. तनुजा वही घेऊन गावोगाव हिंडत होती. कोणी तिला अडुळसा दाखवी, कोणी गुळवेल. आणि आसेगावकडे, एका आडवळणाच्या घरासमोर ती थांबली ती थांबलीच. दारावर कडुनिंबाचा डहाळा. उंबऱ्यापाशी पाण्याने भरलेली तांब्याची घागर, पाण्यात निंबाची पाने. खिडकीला हळदीत बुडवलेला कपडा. आत ओल्या सारवणावर अंधार सांडलेला, आणि त्या अंधारात पाल्याच्या अंथरुणावर एक लहान मुलगी निपचित पडलेली. आतून एक बाई म्हणाली होती, “अंदर नका येऊ, बाई.” तनुजाला तो साध्या माणसांचा संकोच वाटला. ती चपला काढून आत गेली आणि मुलीच्या उशाशी बसून पाऊण तास रेखाटने करत राहिली. तिथे सजावट कशाचीच नव्हती, आणि तरीही सगळे जागच्या जागी होते.

ते घर तिने जसेच्या तसे ‘निर्गुडी’त आणले. पाला ताजा हवा, म्हणून डहाळे तेवढे शनिवारी पहाटे बांधले.

बाराला पाच कमी असताना रुचिकाची गाडी फाटकापाशी आली आणि तिथेच थांबली. गाडी चालवणारा पवन हा जवळच्याच गावचा. त्याने दारांकडे पाहिले, चपला काढल्या, हात जोडले, बॅग बाहेरच ठेवली.

“गाडी आत घ्या ना,” तनुजा म्हणाली.

“नाही जी. घरी लेकरं हायेत माह्यी,” म्हणत त्याने गाडी परत वळवली.

रुचिका मात्र खूश होती. मान वर करून ती म्हणाली, “वा! काय शांत आहे. कोणी बोलतच नाहीये.”

खरोखरच कोणी बोलत नव्हते. दूधवाल्याने कॅन फाटकाबाहेर ठेवून पळ काढला होता. स्वयंपाकी विकासने वरणाला फोडणी द्यायचे नाकारले. “फोडनी नाही होत आज,” एवढेच तो म्हणाला आणि दहीभाताची परात पुढे सरकवून मान खाली घालून उभा राहिला. तनुजाने दहीभाताला ‘शीतल आहार’ असे नाव देऊन तो पाहुणीपुढे वाढला. तेलाऐवजी तिने स्वतःच्या हाताने हळद आणि निंबाचा लेप रुचिकाच्या तोंडाला लावला. अडचणीतून काहीतरी सुंदर घडत आहे, असे तिला क्षणभर वाटलेही.

तीनच्या सुमारास फाटकापाशी बायका जमल्या. हातात नारळ, दहीभात, पाण्याचे तांबे. त्यांनी उंबऱ्यावर पाणी ओतले आणि हळू, ओल्या आवाजात देवीचे गाणे धरले. रुचिका लेप लावलेल्या तोंडाने खिडकीशी आली. “हे पण पॅकेजमध्ये आहे?” तिने कुजबुजत विचारले. तेवढ्यात एका म्हातारीने तिच्याकडे पाहिले, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, “अवो माय! एवढ्या दुरून आली पोरगी, अन् तिलेच आली वं!”

“काय आली?” रुचिका म्हणाली.

उत्तर द्यायला पौर्णिमा पोहोचली. पौर्णिमा ही गावची आशा सेविका. खांद्याला पिशवी, काखेत रजिस्टर. ती कोणाला न विचारता आत शिरली आणि खुर्ची ओढून बसली.

“ताप कवापासून हाय, ताई?”

“मला? मला ताप नाही.”

“पह्यले पह्यले नसते वाटत. तोंड धुवा बरं.”

रुचिकाने तोंड धुतले. लेप घासून काढल्यामुळे गाल लालबुंद झाले होते. पौर्णिमाने मोबाइलचा उजेड पाडला, या बाजूने पाहिले, त्या बाजूने पाहिले. “इथं लाल दिसून राह्यलं. पाठ दाखवता का?”

“हे चाललंय काय?” रुचिका ओरडली.

“घाबरू नका. कांजिन्याच असते आजकाल. पन आमच्याइकडं माता आली म्हनते. दाराले निंब बांधते, तेल-फोडनी बंद, पाव्हना बंद. सहाच्या सहा दाराले निंब दिसला तं आमी समजलो, सहाही खोल्यांत पेशंट हायेत.” तिने पेन उघडले. “तुमच्या आधी या गादीवर कोन झोपलं होतं?”

रुचिकाने गादीकडे पाहिले. मग पाल्याकडे. मग पुन्हा गादीकडे. पाच वाजता ती पायीच फाटकाबाहेर पडली आणि सहा वाजता तिचा निरोप आला: ‘संकल्पना अनोखी आहे. आमच्या यादीत बसत नाही.’

तनुजा रिकाम्या दालनात उभी होती. तिची सुंदर, गार, हळदी काळोखाची खोली आता तिच्याकडे एखाद्या आजारी माणसासारखी पाहत होती.

“हिराभाऊ, तुम्हाला हे माहीत होतं?”

हिरालालने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. “माईत तं होतं, म्याडम. सकाऊन पाला पाह्यला अन् बाहेरूनच हात जोडले.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी शिकलेल्या. मले वाटलं, पुन्यात आता हेच चालत असन.” त्याने टोपी दुमडली. “कमलीबाईलेई तसंच वाटलं. इकासलेई.”

एका माणसाच्या अज्ञानाचा इतक्या माणसांनी इतका आदर केल्याचे उदाहरण तनुजाच्या वाचनात नव्हते.

रविवारी तिचे अंग तापले. दुःखानेही अंग तापते, अशी तिची समजूत होती. म्हणून ती तीन नंबरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. डोके जड झाले, घास कडू लागला. हे सगळे पराभवाशी जुळतच होते.

सोमवारी सकाळी दिनेशचा टेम्पो आला. मागे बत्तीस पाकळ्या भुशात बांधलेल्या. तो शिट्टी वाजवत आत आला, दालनाच्या दारापाशी शिडी लावली, ड्रिल हातात घेऊन वर चढला. “हिराभाऊ, हा पालापाचोया काढून टाकू पह्यले. वास येऊन राह्यला मयतीवानी.”

“हयू बोल. म्याडम आत हायेत.”

“अजून गेल्या नाहीत?”

“उठल्याच नाहीत कालपासून. कमलीबाई, पाहा बरं जरा.”

कमलीबाई आत गेली. तिने तनुजाची मान वळवली, कानामागे पाहिले, पोटऱ्या पाहिल्या. तिथे लहान, पाणीदार फोड उठले होते. जणू कोणी तिच्या अंगावर फार काळजीपूर्वक टिंबे काढली होती.

“बाई, पंधरा-ईस दिवसांखाली कोनाच्या घरी गेल्या होत्या? असाच पाला बांधेल होता का तठी?”

तनुजाने डोळे मिटले. “पाऊण तास बसले होते,” ती म्हणाली.

कमलीबाई बाहेर आली, घागरीतल्या पाण्याने पाय धुतले आणि मोठ्याने म्हणाली, “आता खरी आली.”

दिनेशने एका हाताने डहाळा धरलेला होता. तो त्याने विजेची तार सोडावी तसा सोडला. शिडीवरून उतरला, चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. “माय, चुकलं. पाचोया म्हनून बसलो.” मग हिरालालकडे वळून, “भौ, आता खिया नाही ठोकत. माह्याच्यानं नाही होत. मले मालेगावले दोन हॉल हायेत, आता दिवाईनंतरच पाहू.” पाकळ्यांसकट टेम्पो वळला. पौर्णिमा दुपारी आली. शनिवारी रजिस्टरात रिकामी ठेवलेली ओळ तिने समाधानाने भरली.

आणि मग ‘निर्गुडी’ पहिल्यांदा चालू झाली. विकास बिनफोडणीचे वरण करी. कमलीबाई हळू आवाजात गुणगुणत निंबाच्या डहाळीने अंगावरून वारा घाली. हळदीच्या पडद्यातून उन्हाचा दाह गाळून येई, ओले सारवण धग शमवी, घागरीतले पाणी कपाळावरून उतरताना तनुजाला एखादी जुनी समजूत पटल्यासारखे वाटे. तिने रेखाटलेली प्रत्येक वस्तू तिच्या अंगावर खरी ठरत होती. फक्त एकच गोष्ट रेखाटायची राहून गेली होती. त्या दिवशी, आसेगावच्या घरात, ती बसलेली होती. आडवी नव्हती. वर काय आहे, हे तिने पाहिलेच नव्हते.

पाचव्या दिवशी हिरालाल उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला. हातात दहीभात.

“म्याडम, थंडावा वाटून राह्यला का?”

“वाटतो, हिराभाऊ.” हे ती पहिल्यांदाच खरे बोलत होती. “पण एक सांगू? छत फार रिकामं आहे. पडल्या पडल्या डोळ्यांना काहीतरी हवं होतं.”

“काय?”

तनुजा भिंतीकडे वळली. “एखादं कमळ. जांभळं नको. साधंच.”

हिरालालने ताट खाली ठेवले. “नाही जी,” तो इतक्या ठामपणे म्हणाला की तिने वळून पाहिले. “काल दुपारी चार नंबरात जरासा टेकलो. दोन घंटे झोपलो, म्याडम. हॉल बांधला तवापासून दुपारी डोया लागला नव्हता माह्या. त्या कोऱ्या छताकडं पाह्यता पाह्यता लागला.” त्याने टोपी नीट केली. “आता इथं कोनी खिया ठोकत नाही. दिनेश नाही, अन् तुमीबी नाही.”

तो पावले न वाजवता गेला. तनुजाने वर पाहिले. पांढरे, निःशब्द, कुठेही न संपणारे छत तिच्यावर पसरले होते. त्यात पाहण्यासारखे काहीही नव्हते. अजून पाच दिवस होते, आणि खाजवायला बंदी होती.