तात्यांचं तमालपत्राशी भांडण

सणसरला आमच्या शेजारी राहणारे सोपानतात्या जेवायला बसले की आधी भातातलं तमालपत्र शोधतात. देठाला धरून ते वर उचलतात आणि भर पंगतीत विचारतात, “ह्या पाव्हण्याला आवतण कुणी दिलंतं?”

बावड्याच्या एका लग्नात तर ते पान घेऊन थेट मांडवामागं आचाऱ्याकडं गेले.

“हे भातात काय करतं?”

“वास देतं, तात्या.”

“कुठं देतं? दावा!”

आचाऱ्यानं पातेल्यावरचं झाकण काढलं. तात्यांनी वाफेत तोंड घातलं, चष्मा धुरकट झाला, आणि निकाल आला, “न्हाय देत.”

मी बारामतीला कॉलेजात शिकते, रविवारी घरी येते. त्या दिवशी मालनकाकींचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, मसालेभात ठरलेला. त्या तेलात पान टाकतात तेव्हा तो वास भिंत ओलांडून आमच्या पडवीत येतो. पुस्तक उघडंच राहतं. आपण कुठल्याशा थंड, हिरव्या डोंगरात आहोत असं वाटतं. तसा डोंगर मी कधी पाहिलेला नाही. मग तात्यांचा आवाज येतो, “त्यापरीस बाभळीचा पाला टाक, शेळी तरी खाईल!”

“शेळीलाच वाढते मग. ती नावं तरी ठेवत न्हाय!” काकी आतून म्हणतात.

पण परवाच्या रविवारी त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आधी पातेलं पुसून खायाचे गं. आता दोन घासात उठत्यात. माझ्या हाताचीच चव गेली असंल.”

मग मी त्यांच्याच ओसरीवर तात्यांच्या शेजारी जेवायला बसले, तेव्हा भीतभीत विचारलं, “तात्या, पान राहू द्या. भात कसा लागतो?”

त्यांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. “हळू बोल. मागल्या तापापास्नं नाकाला कायच कळत न्हाय. भात काय आन् पेंड काय, सारखंच.”

“मग काकींना सांगा ना.”

“सांगितल्यावर ती मसाला कुणासाठी भाजंल? पानाला शिव्या घातल्या की तिच्या हाताला बोल लागत न्हाय.”

“पण त्यांना वाटतंय, त्यांच्या हाताचीच चव गेली.”

तात्यांचा हात भातातच थांबला. समोर उसाची पानं सावकाश हलत होती.

“तुला येतोय वास?” त्यांनी विचारलं.

“येतोय.”

“कसा?”

मला नीट सांगता येईना. “उन्हात तापलेल्या उसाच्या पाचटासारखा. जरासा लवंगेसारखा. आणि दिवाळीला पेटी उघडल्यावर लुगड्यांना येतो, तसा.”

तात्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, जणू एकेक शब्द चाखत होते. मग त्यांनी हाक मारली, “अगं ए, तुझं ताट घिऊन भाईर ये.”

काकी पदराला हात पुसत दारात आल्या. “का? परत पान निघालं व्हय?”

तात्या सतरंजीवर जरा सरकले.

“पान न्हाय,” ते म्हणाले. “बस हितं. तुला एक सांगायचं राह्यलंय.”