सगळ्यांचा सोमवार

आंध्रातल्या भैंशात आमच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटर आला, तेव्हा तो चालवणारा मी एकटाच! नांदेडला कोर्स करून आलो होतो. कापसाची धूळ बसू नये म्हणून त्याला वेगळी खोली, वर कूलर. आत जाताना मालक अमृतराव स्वतः चपला काढत. एवढं सोवळं त्यांनी देवघरातही पाळलं नसेल!

ब्याण्णवचा हंगाम. गर्दी नको म्हणून प्रत्येक गावाला कापूस आणायचा वेगळा वार ठरलेला असायचा. तशी पत्रं आमचे मुनीम दादाजी हातानं लिहीत.

"मालक, यंदा मशीन लिहील!" मी छाती फुगवून बोललो. "मजकूर एकदाच टाकायचा. नाव, गाव, वार ते आपोआप भरते!"

"आन् चुकलं तं?" दादाजींनी विचारलं.

"दादाजी, माणूस चुकते. मशीन नाही!"

बटण दाबलं. पत्र्यावरून कोणी खाट ओढून राह्यलं, असा प्रिंटरचा आवाज! पत्रांची रांगच बाहेर पडू लागली.

"अबे, याले तं सगळ्याईचे नावं ठावे हायत!" मालक हरखले. पेढे आले. नावांच्या कौतुकात पुढचं कोणी वाचलंच नाही. त्याच संध्याकाळी सगळी पत्रं टपालात!

सोमवारी सकाळी मी कूलरखाली चहा पीत होतो. दादाजी धापा टाकत आले.

"बाहेर पाय, बाहेर!"

बंड्याच बंड्या! गेटपासून बसस्टँडपर्यंत कापसाच्या बैलबंड्या. मध्ये दोन बसेस अडकलेल्या. पोलीस शिपाई तेलुगूत ओरडून राह्यला, "एंदय्या इदी?" म्हणजे 'काय हाय हे?' पण बैलांना तेलुगू कुठं येते!

"आज आमचा वार हाय!" पहिल्या बंडीवरचे शेतकरी माणिकराव गरजले.

"तुमचा कसा? मले पत्र आलं!" कापसाच्या ढिगावर उभ्या, दुसऱ्या गावच्या बयनाबाईंनी कागद फडकावला.

मी दोघांची पत्रं हिसकून वाचली. नाव, गाव बरोबर. पण वाराच्या जागी मी नमुना म्हणून 'सोमवार' टाइप केला होता. तो तसाच राहिला!

"काऊन रे बापू," बयनाबाई वरून म्हणाल्या, "तुह्या मशीनले सोमवारच येते का?"

पलीकडच्या जिनिंगचे दलाल तोवर बंड्या वळवायला धावले. मालक माझ्यावर कडाडले, "एक बी बंडी वापस गेली, तं तुले तिच्यातच टाकून पाठवीन!"

मग काय! खडू घेऊन मी बंडीबंडीवर नंबर टाकत पळालो. मालकांनी पिठलं-भाकरी लावली, बैलांना कडबा टाकला. आवारात चुली पेटल्या, गप्पा रंगल्या, जत्राच भरली! एकही बंडी परत गेली नाही. शेवटची रिकामी व्हायला मात्र गुरुवार उजाडला.

मी मालकांपुढे मान खाली घालून उभा. तेवढ्यात गेटसमोरच्या चहाच्या हॉटेलवाले केशवराव हार-नारळ घेऊन आत शिरले आणि हार सरळ माझ्या गळ्यात!

"साहेब, साऱ्या सालाचा चहा चार दिवसांत इकला! पुढच्या साली बी असंच पत्र लिवा!"

यावर मालक काय बोलले, ते छापण्यासारखं नाही. हार मात्र ताज्या झेंडूचा होता!