चार उभ्या, एक आडवी

"चौतीस वर्षं, एकतीस सहली, आणि एकही माणूस हरवला नाही!"

हे वाक्य मोखाडा तालुक्यात पाठ नाही असा माणूस सापडणं कठीण. तुम्ही जीप स्टँडवर चहा पीत उभे असा, दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत असा, नाहीतर बाजारात सुकट निवडत असा, हरेश गुरुजी भेटले की तिसऱ्या मिनिटाला हे वाक्य येणारच! आणि खोटं नाही हो. रायगड, शिर्डी, महाबळेश्वर, राणीची बाग. पोशेऱ्याच्या शाळेतून निघालेली एसटी जेवढी पोरं घेऊन गेली तेवढीच घेऊन परत आली. एकदा एक जास्त आलं होतं, पण ते शिर्डीचं निघालं आणि गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी स्वतः नेऊन पोचवलं.

गुरुजींची पद्धत साधी होती. प्रत्येकाला नंबर, प्रत्येकाला जोडीदार, दोन-दोनची रांग. गळ्यात शिट्टी, खिशात वही. प्रत्येक थांब्यावर पोरांनी नंबर ओरडायचे आणि गुरुजींनी वहीत ताळ्याच्या खुणा करायच्या. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.

या एकतीस सहलींत एकच व्यक्ती कधी गेली नव्हती. गुरुजींची बायको, जयवंतीबाई. चाळीस पोरांचा चिवडा करायच्या जयवंतीबाई, पहाटे चारला डबे एसटीपर्यंत वाहायच्या जयवंतीबाई, आणि गाडी घाटाच्या वळणाआड जाईपर्यंत हात हलवत उभ्या राहायच्या त्याही जयवंतीबाईच. "पुढच्या वर्षी तुला नक्की नेतो," असं गुरुजी दर वर्षी म्हणायचे. असं म्हणता म्हणता गुरुजी निवृत्त झाले.

म्हणून त्यांच्या मुलीनं, टीनानं, दोघांची प्रागची तिकिटं पाठवली, तेव्हा गुरुजींनी छातीवर हात ठेवून जाहीर केलं, "जयवंती, ही सहल तुझी! फक्त तुझी! तुझा हात सोडणार नाही."

"बघू," जयवंतीबाई म्हणाल्या आणि नागलीचे पापड पिशवीत भरायला लागल्या.

तर प्राग. टीना तिथल्या एका कंपनीत कामाला. तिसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली आणि जाताना बजावून गेली, "बाबा, मोठ्या चौकात फिरा, पण आईला सोडून कुठे जाऊ नका. तिचा फोन बंद पडलाय." गुरुजी हसले. हे म्हणजे माशाला पोहायला शिकवणं झालं!

संध्याकाळचे पाच वाजले होते आणि ऊन मात्र आपल्याकडच्या दुपारसारखं. चौकात एक तरुण पोरगा लाल झेंडा घेऊन उभा होता. भोवती वीस-बावीस जण, आणि तो प्रत्येकाच्या मनगटावर लाल पट्टी बांधत होता. गुरुजींच्या अंगावर काटाच आला. झेंडा! पट्टी! गोळा झालेली मंडळी!

"जयवंती, सहल आहे! चल!"

"कुठं जाणार आहं?"

"झेंडा आहे म्हणजे कुठेतरी नेणारच!"

दोन तिकिटं घेतली, दोन पट्ट्या बांधून झाल्या. झेंडेवाल्याचं नाव मारेक. मारेक पुढे निघाला आणि गुरुजींना पहिला धक्का बसला. हा मनुष्य मागे वळून बघतच नव्हता! रांग नाही, नंबर नाही. मंडळी कोंबड्यांसारखी रस्ताभर पसरली होती. गुरुजींना बघवेना.

पहिला थांबा एका तळघरात होता. लांब लाकडी बाकं, आणि झुपकेदार मिशांचा एक म्हातारा वेटर. त्यानं काही न विचारता सगळ्यांपुढे फेसाळते पेले ठेवले, प्रत्येक पेल्याखाली कागदाची एक चिठ्ठी सरकवली आणि चिठ्ठीवर पेन्सिलीनं एक उभी रेघ ओढली.

"बघ, ताळ्याच्या खुणा!" गुरुजी खूश झाले. "माणूस शिस्तीचा आहे." मग त्यांनी पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला. "जयवंती, ही बिअर आहे!"

मारेकनं हसत हसत समजावून सांगितलं. चार पब, प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, गाईड सोबत. लोक यासाठीच तर येतात!

गुरुजी ताडकन उठले. ज्या माणसानं तालुक्यात व्यसनमुक्तीच्या अठरा प्रभातफेऱ्या काढल्या, तो दारूच्या सहलीला? "ऊठ जयवंती!"

जयवंतीबाई काही उठल्या नाहीत. "बसा हो गुरुजी," त्या म्हणाल्या. गावाबरोबर त्याही त्यांना गुरुजीच म्हणत. "कोणाचे घरी गेलो, त्यानं पुढ्यात पेला ठेवला, त तसाच टाकून उठायचा? असा नाय चालत आपल्यात." त्यांनी पेला उचलला, दोन बोटं बुडवली, धरतरीसाठी आणि वाडवडलांसाठी दोन थेंब जमिनीवर सोडले आणि एक घोट घेतला. "ताडीपरीस कडू आहं. पण बरा आहं."

समोरच्या बावीस जणांनी हे पाहिलं. त्यांना वाटलं, इथली रीतच असावी! बावीसच्या बावीस जणांनी बोटं बुडवली आणि जमिनीवर थेंब सोडले. कुणी दोन सोडले, कुणी अर्धा पेला सोडला. म्हातारा वेटर फडकं घेऊन धावला.

पाऊण तासानं मारेकनं झेंडा उचलला. "चला, पुढचा पब!"

"किती जण आहेत?" गुरुजींनी इंग्रजीत विचारलं.

मारेकनं खांदे उडवले. "असतील वीस-बावीस. शेवटच्या पबपर्यंत निम्मे उरतात."

"निम्मे?" गुरुजींचा आवाज चिरकला. "बाकीचे?"

"हरवतात."

हरवतात! आणि हे हा पोरगा हसत सांगतोय! गुरुजींना दारू दिसेनाशी झाली, व्यसनमुक्ती दिसेनाशी झाली. दिसत होती ती फक्त बावीस लेकरं, कुणाच्या तरी आयांनी विश्वासानं पाठवलेली. त्यांनी शिट्टी काढली आणि फुंकली.

सगळ्या माना वळल्या.

"टू बाय टू!" गुरुजी गरजले. "नंबर प्लीज!"

मंडळींना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग. उड्या मारत रांग लागली. "वन!" "टू!" "थ्री!" अकरा नंबरचा उंच आयरिश पोरगा मात्र खांबावर चढायला बघत होता.

"गुरुजी," मागून जयवंतीबाईंचा आवाज आला. "त्यानं माझा पेला परत भरला. भरलेला टाकून कशी येऊ? हा संपवते न येते."

"नंबर इलेव्हन! खाली उतर! खाली!" गुरुजी अकरा नंबरच्या पायाला धरून म्हणाले, आणि मान न वळवता मागे, "हो हो, सावकाश."

बावीस! पूर्ण! रांग निघाली. सगळ्यात पुढे मारेक, सगळ्यात मागे गुरुजी.

आता त्या पुढच्या दोन तासांचं काय सांगू! गुरुजी फुलले होते. दुसऱ्या पबात बावीस. तिसऱ्या पबात बावीस. रस्ता ओलांडताना शिट्टी, ट्राम आली की शिट्टी. सतरा नंबरला रडू आलं तर गुरुजींनी तिला खिशातली खडीसाखर दिली. सहा आणि सात यांचं भांडण झालं तर दोघांना वेगळं बसवलं. प्रत्येक दारात नंबर, प्रत्येक दारात खुणा. जितकी बिअर पोटात जात होती तितके नंबर मोठ्यानं येत होते!

मारेक तर गहिवरला. "चार वर्षांत पहिल्यांदा तिसऱ्या पबपर्यंत सगळे आले," तो म्हणाला आणि त्यानं लाल झेंडा गुरुजींच्या हातात दिला. परक्या देशात, परक्या झेंड्याखाली! गुरुजींनी लगेच मोखाड्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवर आवाजी संदेश टाकला. "मित्रांनो, आपली पद्धत इथे युरोपातही चालते! एकही हरवला नाही!" मुख्याध्यापक देवानंद सरांनी तिकडून ताबडतोब हात जोडले.

चौथ्या पबच्या दारात घोळ झाला.

मारेक तिकिटं मोजत होता. "चोवीस," तो म्हणाला.

"बावीस," गुरुजी म्हणाले. "आणि मी, तेवीस."

"तिकिटं चोवीस गेली आहेत."

गुरुजींचा चेहरा कडक झाला. म्हणजे एक जण कमी! त्यांनी झेंडा जमिनीवर आपटला आणि पबच्या दारात, रस्त्यावर, बावीस झिंगलेल्या माणसांना त्यांनी जे सुनावलं ते पोशेऱ्याच्या शाळेनंही कधी ऐकलं नसेल.

"कुणाचा माणूस मागे राहिला? लाज नाही वाटत? अरे, सहलीला माणूस जोडीदारासोबत येतो! जो आपला जोडीदार विसरतो, तो सहलीला नालायक! समजलं? आत्ताच्या आत्ता, प्रत्येकानं आपल्या जोडीदाराचा हात धरा!"

बावीस जणांनी मुकाट हात धरले. अकरा जोड्या. कुणीच सुटं नव्हतं.

गुरुजींनी जोड्या दोनदा मोजल्या. मग अकरा नंबरनं अगदी नम्रपणे विचारलं, "सर, तुमचा जोडीदार?"

गुरुजींच्या उजव्या हातात झेंडा होता. त्यांनी डाव्या हाताकडे पाहिलं. तो रिकामा होता.

फोन नाही, भाषा नाही, घराचा पत्ता नाही. आयुष्यातली पहिली सहल, आणि ते तिला तळघरात विसरून आले होते! दोन तास! परक्यांची लेकरं मोजत! "मारेक, पहिला पब! पळ!"

मारेक पळाला. गुरुजी झेंडा घेऊन पळाले. आणि मागून बावीस जण पळाले, हातात हात धरून, दोन-दोनच्या रांगेत, कारण हात सोडा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! चौकातले लोक बाजूला होऊन फोटो काढत होते.

तळघरात जयवंतीबाई जागच्या जागी बसल्या होत्या. समोर तो मिशाळ वेटर खुर्ची ओढून बसलेला. मध्ये जयवंतीबाईंच्या पिशवीतले नागलीचे पापड आणि सुकटाची चटणी. वेटरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, तरी तो चटणी बोटावर घेतच होता. त्या त्यांच्या बोलीत सांगत होत्या, तो त्याच्या भाषेत, आणि गप्पा रंगात आल्या होत्या.

"जयवंती!" गुरुजी धापा टाकत म्हणाले. "उठली का नाहीस?"

"कशी उठू? पेला भरलेला ठेवून उठायचा नाय. म्हून मी रिकामा करते. रिकामा केला का हा बाबा परत भरते. म्हून परत रिकामा करते." जयवंतीबाईंनी हात पसरले. "बरा माणूस आहं, पण आयकत नाय."

अकरा नंबरनं पुढे होऊन टेबलावरची पुठ्ठ्याची चकती उचलली आणि पेल्यावर झाकणासारखी ठेवली. म्हाताऱ्यानं मान डोलावली, पेन्सिल कानावर खोचली आणि तो उठला. इथं 'आता पुरे' म्हणायची रीत एवढीच होती!

"घाबरली असशील ना?" गुरुजींनी तिचा हात धरला. तो आता सोडायचा नाही, असं त्यांनी दुसऱ्यांदा ठरवलं.

"मी कशाला घाबरू? मी त एका जागी होते. हरवले त तुम्ही."

आणि जयवंतीबाईंनी पेल्याखालची चिठ्ठी काढून गुरुजींपुढे ठेवली. तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या. चार उभ्या, एक आडवी.

"हा बाबा पाच वेळा आला. पाची वेळा माझी हजेरी लावून गेला. तुमचे वहीत बघा बरं, मी कितव्या नंबरला आहं?"

गुरुजींनी वही उघडली. पानभर खुणा होत्या. आयरिश पोराची होती, खडीसाखरवालीची होती, भांडखोर सहा-सातची होती. गुरुजींनी हळूच पेन काढलं आणि कोपऱ्यात एक उभी रेघ ओढायला लागले.

जयवंतीबाईंनी वहीवर हात ठेवला. "आथा नको. उशिरा आलेल्या पोराची हजेरी तुम्ही कधी लावली का?"

गुरुजींनी पेन खिशात ठेवलं. बावीस जणांना मराठीचं अक्षर कळलं नव्हतं, पण सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. नाहीतरी शाळेत असंच असतं.

परत आल्यावर मोखाड्यात गुरुजींचा सत्कार झाला. 'युरोपात सहल-व्यवस्थापन' या विषयावर ते पाऊण तास बोलले. वाक्य तेच होतं, फक्त आता त्यात एक शब्द बदलला होता. "चौतीस वर्षं, एकतीस सहली, आणि एकही *विद्यार्थी* हरवला नाही!" पहिल्या रांगेत जयवंतीबाई पर्समधून एक चुरगळलेली चिठ्ठी काढून नीट करत बसल्या होत्या, म्हणून गुरुजींनी भाषण जरा लवकर आटोपलं.

मग दोघं जव्हारच्या जीपमध्ये बसली. जीप गच्च भरली होती. ड्रायव्हर माघ्यानं किल्ली फिरवता फिरवता आरशात पाहिलं. "गुरुजी, जरा मोजा बरं, सगळे बसले का?"

गुरुजींचा हात सवयीनं शिट्टीकडे गेला. पण त्याआधीच जयवंतीबाईंनी त्यांच्या डोक्यावर बोट टेकवलं.

"एक," त्या म्हणाल्या. "माझा आला. सोड गाडी."