खांदा उतरलेला मेकॅनिक

आमचे घरमालक हनुमंतअण्णा दारात आलेल्या मेकॅनिकला नाव विचारत नाहीत, अनुभव विचारत नाहीत, किती घेणार तेही विचारत नाहीत. "स्वल्प उभे राहा," म्हणतात, गळ्यातली टेप काढतात आणि त्याचे खांदे मोजतात. आधी उजवा, मग डावा. मेकॅनिकला वाटतं, काहीतरी शिवून मिळणार आहे. काहीजण तर खुशीनं हातही पसरतात.

"ज्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला नाही," अण्णांचं म्हणणं, "त्यानं हातानं काम केलेलं नाही. तो नुसता बोलतो."

माझे दोन्ही खांदे एका रेषेत आहेत. मी खोली बघायला आलो त्याच दिवशी त्यांनी हे मला सांगितलं होतं, आणि तरीही खोली दिली होती.

अण्णा शिंपी. चामराजपेटेत त्यांच्या आजोबांपासूनचं दुकान. घरात मराठी, पण तिला कानडीची बारीक किनार. 'बघू' म्हणायचं असेल तर 'नोडोणा', 'ठीक' म्हणायचं असेल तर 'सरी', 'जरा' म्हणायचं असेल तर 'स्वल्प'. मला ते नावानं कधीच हाक मारत नाहीत, गावानं मारतात. "बेळगाव, दूध आलं का बघ." गल्लीत आता पोस्टमनसुद्धा मला बेळगाव म्हणतो.

तयार कपड्यांनी दुकान हळूहळू बसलं. हल्ली पँटची उंची कमी करणं आणि शाळेचे गणवेश, एवढंच येतं. पण दुकान भरात असताना अण्णांनी एक व्हिडिओ गेमची पेटी आणली होती. नाणं टाकून खेळायची, कपाटाएवढी, समोर दोन दांडे आणि दोन बाजूंना बटणं, म्हणजे दोघांना जोडीनं खेळता येईल अशी. बापाचं माप चालू असताना पोरानं कात्रीशी खेळू नये, हा हेतू. पुढं अख्ख्या गल्लीतली पोरं कापडाचं कसलंही काम नसताना दुकानात येऊ लागली. त्यांना हरवायला उरायची एकच व्यक्ती, ती म्हणजे अण्णांच्या बायको सरसक्का. त्या उजव्या बाजूला स्टूल टाकून बसायच्या. मांडीवर काज करायला घेतलेला शर्ट, सुई ओठांत, आणि दोन काजांच्या मधे पोरांचा फडशा.

ही पेटी बंद पडली, आणि दुकानात जागा अडायला नको म्हणून अण्णांनी ती जिन्याखालच्या बोळात लोटली. तो बोळ म्हणजे माझ्या खोलीचा एकमेव रस्ता. माझ्या पोटाचं आणि त्या पेटीचं मिळून त्या बोळात मावत नाही. मी रोज श्वास आत घेऊन, आडवा होऊन घरी जातो. गॅसचा सिलिंडर वर न्यायचा दिवस मी कुणाला दिसू नये अशा बेतानं निवडतो.

तेव्हा पेटी दुरुस्त व्हावी ही इच्छा माझी होती, आणि ती शुद्ध स्वार्थाची होती. चालू झाली की पेटी परत दुकानात जाईल आणि मी सरळ चालत घरी जाईन.

"अण्णा, मेकॅनिक बोलवू या की," मी म्हणालो.

"नोडोणा," अण्णा म्हणाले. त्या 'नोडोणा'त मी अडकलो तो अडकलोच.

पहिला माणूस मीच शोधला. जे. पी. नगरात वाढदिवसांना असले खेळ भाड्यानं देणारा. टी-शर्ट घालून आला, मोबाईलच्या उजेडात पेटीत डोकावला आणि म्हणाला, "हे सगळं आतलं काढून टाकू. नवा बोर्ड, सपाट स्क्रीन. हजार गेम येतील."

अण्णांनी तोवर मागून माप घेतलं होतं. तो गेल्यावर म्हणाले, "दोन्ही खांदे सारखे. वर म्हणतो, आतलं सगळं उसवतो. मग कोट कुणाचा राहिला रे?"

दुसऱ्याबद्दल मला ऑफिसातल्या एकानं सांगितलं होतं, की मशीनमधलं त्याला काहीही सांगा. मी कसलं मशीन हे विचारलं नाही. आला तेव्हा कळलं की तो लिफ्ट दुरुस्त करतो. पेटीवरच्या वर-खाली बाणांकडे बराच वेळ बघून तो म्हणाला, "होईल असं वाटतंय."

त्याचा उजवा खांदा मात्र असा उतरलेला की अण्णा खूष. "ह्याला ट्रायलला बोलवू."

अण्णांच्या लेखी ट्रायलशिवाय जगात काही पुरं होत नाही. आधी कच्चे टाके घालायचे, गिऱ्हाईकाच्या अंगावर चढवून बघायचं, खडूच्या खुणा करायच्या, मग पक्की शिलाई. मेकॅनिकची ट्रायल अशी, की त्यानं पेटीचा एक स्क्रू काढायचा आणि तोच परत बसवायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही. लिफ्टवाल्यानं स्क्रू काढला, बसवला आणि विचारलं, "आता?"

"आता जा," अण्णा म्हणाले. "कळवतो."

त्यानंतर आलेले सगळे ट्रायलला नापास झाले किंवा रागावून गेले. शेवटी वैतागून मीच एका रविवारी पेटीचं मागचं फळकूट उघडलं. आत वायरींचं जंगल होतं. आमच्या घरी टीव्ही थापट मारून चालू व्हायचा, त्या शिक्षणावर विसंबून मी एक थापट मारली. पेटी चालू झाली नाही, पण गल्लीतली ओळीनं चार घरं बंद झाली. शेजारच्या काकूंचा ग्राइंडर डोशाचं पीठ वाटता वाटता थांबला. त्या मला जे कानडीत बोलल्या त्यातलं निम्मं मला कळलं, तेवढं पुरे झालं. फळकूट लावल्यावर एक स्क्रू माझ्या हातात उरला.

अण्णांनी तो शांतपणे घेतला. "तुझं माप मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, बेळगाव. तरी तुला एकटं सोडलं. चूक माझी."

आता सरसक्कांबद्दल सांगायला हवं. त्या चामराजपेटेत राहत नाहीत. मुलगा आणि सून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला, दोघं आयटीत, नातू लहान. अक्का 'स्वल्प दिवस' म्हणून नातवाला बघायला गेल्या त्या तिकडेच राहिल्या. पेटी बंद पडली ती त्याच सुमाराला. मुलगा दर आठवड्याला बापाला सांगतो, भंगारात द्या ती पेटी, घर भाड्यानं लावा, इकडे या. अण्णा एकदा राहूनही आले. "इतक्या उंचावर माणूस करणार काय?" म्हणाले. "लिफ्टमध्ये सगळ्यांचे तयार शर्ट. एकाचाही बाहीचा मुंढा बरोबर नाही. आणि बोलायची चोरी." म्हणून मुलाला त्यांचं एकच उत्तर असतं, "पेटीचं ठरू दे. मग बघू."

रोज दिवेलागणीला अक्कांचा फोन येतो. अण्णा मोबाईल इस्त्रीला टेकवून उभा करतात आणि शिलाईच्या मशीनपाशी बसतात. आवाज मोठा ठेवतात, त्यामुळं जिन्यात उभं राहिलं की सगळं ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नाही. आडवा होऊन बोळातून जायला वेळ लागतो, तेवढ्यात ऐकू येतं.

"अहो, आज आला होता का कुणी?"

"एक आला होता. खांदा बरा आहे."

"दात?"

"लाल."

"पान खाणारा नको बाई. आत थुंकला तर?"

"तेच मी म्हणतो."

"बोटं कशी होती? जाड बोटांचा नको. वायरी बारीक असतात."

"जाडच होती. काजंसुद्धा जमली नसती त्याला."

"आणि बेळगावनं आणलेला का? त्याला काय कळतंय. तो चांगला आहे, पण त्याला काय कळतंय."

असं ते चालायचं. माझा चहा होऊन, पिऊन, कप धुऊन व्हायचा तरी खाली एका मेकॅनिकच्या बोटांवर चर्चा चालूच. मी वर कपाळाला हात लावून बसायचो. पेटीचा निकाल लागायची चिन्हं नव्हती, आणि माझं पोट तर कमी होत नव्हतंच.

मग नातवाचा वाढदिवस आला. अण्णा सकाळच्याच बसनं सर्जापूर रोडला गेले, आणि आयुष्यात घेतलेल्या यच्चयावत झटपट निर्णयांतला सर्वांत वाईट निर्णय मी घेतला. मार्केटच्या मागं जुने टीव्ही दुरुस्त करणारा मुनियप्पा नावाचा माणूस मी घेऊन आलो. माप नाही, ट्रायल नाही. त्यानं आतला एक जळालेला भाग बदलला, मी चहा आणला, आणि दुपार सरायच्या आत पेटी ट्यां-ट्यां वाजू लागली. आम्ही दोघांनी ती ढकलत दुकानात नेली. मी बोळातून तीनदा सरळ चालत गेलो आणि आलो. काही कारण नव्हतं.

संध्याकाळी अण्णा आले. ट्रॅफिकनं शिणलेले, हातात केकची डबी. पेटीचा निळा उजेड त्यांच्या तोंडावर पडला.

"कुणी केलं?"

"मुनियप्पा म्हणून आहे एक."

"माप?"

"राहिलं."

"ट्रायल?"

"एकदम पक्कंच शिवलं, अण्णा."

ते पेटीभोवती एक फेरी फिरले. "सरी," म्हणाले. केकची डबी माझ्या हातात दिली. मला वाटलं, आनंदानं बोलवत नाही त्यांना.

दुसऱ्या दिवशी फोन आला.

"आज आला होता का कुणी?"

"पेटी चालू झाली. काल बेळगावनं कुणा मुनियप्पाकडून करून घेतली."

"झाली?"

"झाली."

"बरं झालं."

"हं."

"जेवलात?"

"जेवणार. तू?"

"आताच. बरं. ठेवू?"

"ठेव."

माझा एक पाय अजून पहिल्या पायरीवर होता.

त्याच्या पुढच्या दिवशी तेच. त्याच्याही पुढच्या दिवशी तेच, फक्त 'बरं झालं' वजा. मग एका दिवशी फोन आलाच नाही. नातवाला ताप होता, असं नंतर कळलं. पण अण्णा मोबाईल इस्त्रीला टेकवून तसेच बसून राहिले. पेटी कोपऱ्यात चालू होती. तिच्यावर कुणीच खेळत नव्हतं. गल्लीतली ती पोरं आता बाप झालेली, आणि त्यांच्या पोरांच्या हातात मोबाईल. दुसरा खेळाडू हवा, नाणं टाका, असं ती स्क्रीनवर पुनःपुन्हा सांगत होती.

"अण्णा, तुम्हीच करा की फोन," मी म्हणालो.

"करून?"

"बोला."

अण्णांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांना डाव्या हातानं कापड कापायला सांगितलं होतं. "ती विचारते, जेवलात का. मी सांगतो, हो. त्याच्या पुढं काय बोलायचं असतं रे? आम्ही जन्मभर बोललो ते ह्याची बाही आणि त्याचं काज. दुकान होतं, बोलणं होतं. मग ही पेटी होती." मोबाईल इस्त्रीवरून उचलत ते म्हणाले, "तू काय, चांगलंच केलंस."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा दूध आणायला गेले असताना मी दुकानात शिरलो आणि पेटीला सगळा जोर लावून थापट मारली. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखादी वस्तू बिघडवायची होती. पेटीचा आवाज आणखी स्वच्छ झाला. मी दुसरी मारली, उजवीकडची बटणंही बडवली. स्क्रीनवर एक फिकट रेघ होती, तीही गेली. मला दुरुस्त करता येत नाही हे माहीत होतं. बिघडवताही येत नाही हे नवीन होतं. मी तिथल्याच स्टुलावर बसलो, उजव्या बाजूच्या, आणि उगाच दाराकडं बघत राहिलो.

त्या संध्याकाळी फोन आला. नातवाचा ताप उतरला होता. जेवलात, जेवलो, झालं. अण्णांनी फोन ठेवायला हात पुढं केला.

"अहो, थांबा," अक्का म्हणाल्या. "मागं वाजतंय ते पेटीचंच ना?"

"हो."

"उजवीकडचं बटण दाबा बघू. माझं. वरचं."

अण्णा उठले. बटण दाबलं. पेटीतून स्वच्छ, टणक आवाज आला.

"परत."

परत तोच आवाज.

"ऐकलंत?" अक्का म्हणाल्या. "अडकतंय जरा."

मी दारात उभा होतो. काही अडकत नव्हतं. सकाळी ते बटण मी स्वतः भरपूर बडवलं होतं, ते लोण्यासारखं चालत होतं. अण्णांनी पुन्हा एकदा दाबलं, आणि मान वाकडी करून, शिलाईचा टाका निरखावा तसं ऐकलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं.

"हां," अण्णा म्हणाले. "स्वल्प अडकतंय खरं."

"मला वाटलंच. त्या मुनियप्पाचा खांदा कसा होता?"

"मापच नाही गं घेतलं. बेळगावनं घाई केली."

"त्याला काय कळतंय. दुसरा बघा. आणि असं नुसतं उघडू देऊ नका, आधी ट्रायल घ्या."

"घेतो ना. पण बटणाचं काम आहे, बोटं बघावी लागतील."

"बारीक हवीत. मागं तो एक आला होता बघा, लाल दातांचा, तसली जाड नकोत..."

अण्णांनी स्टूल पुढं ओढलं आणि मोबाईल नीट इस्त्रीला टेकवला. अक्का सर्जापूर रोडहून परत येणार नाहीत हे त्या दोघांनाही माहीत होतं, आणि अण्णा तिकडं जाणार नाहीत हेही. त्यावर त्यांच्यात कधी एक अक्षर झालेलं मी ऐकलेलं नाही. पक्की शिलाई नाही, तर हे कच्चे टाके.

रविवारी पेटी परत बोळात आली. दुकानात ठेवली तर काम होतं आहे असं वाटत नाही, असं अण्णांचं म्हणणं पडलं. ढकलायला मीच होतो. मग मी श्वास आत घेतला आणि आडवा होऊन जिन्याकडं निघालो, तोच मागून हाक आली.

"बेळगाव, कुणी मेकॅनिक असेल तर बघ की. खांदा उतरलेला."

"बघतो, अण्णा."

लिफ्टवाल्याचा नंबर अजून माझ्याकडं आहे. खांदा उत्तम, बोटं बारीक, पान खात नाही. आणि ही पेटी त्याला कधीही जमणार नाही.